जाते, गिरणी, घरघंटी: ओवीच्या समीक्षेतील श्रमाचा प्रश्न

जात्यावरच्या ओवीविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यात एक हळहळ वारंवार आढळते: पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवी संपली. ही हळहळ खोटी नाही. पण ती कोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी उभ्या केलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहापर्यंत संकलनाचे काम मोठे झाले. समीक्षेने मात्र त्यातून माहेर, भाऊराया, सीतेचा वनवास ही आशयसूत्रे वेचली आणि खुंटा ओढणारा हात पार्श्वभूमीला ठेवला. ओवीला ‘सहजोद्गार’ म्हटले की पहाटेचे पायलीभर दळण त्या सहजतेत विरून जाते.

दळण घराबाहेर पडताच त्याला दर आला, आणि दर येताच ते बहुधा पुरुषाचे काम झाले. जात्यापाशी जे ‘बायकांचे रोजचे’ होते, ते गिरणीच्या पट्ट्यापाशी धंदा ठरले. धान्य निवडणे, पीठ चाळणे तिच्याचकडे राहिले. अँजेला डेव्हिस यांनी 1981 मध्ये घरकामाचे औद्योगिकीकरण होऊन ते समाजाची जबाबदारी व्हावे, अशी मांडणी केली होती. गिरणी हे त्याचे बाजाराच्या हाती गेलेले, अर्धेमुर्धे रूप. यावरून शुलामिथ फायरस्टोन यांची 1970 मधील यंत्राविषयीची आशा भाबडी ठरवण्याची घाई करू नये. कुटुंबसंस्था तशीच ठेवून यंत्र मुक्ती देईल, असे त्यांनीही म्हटले नव्हते.

रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’मध्ये (1983) अमेरिकी घराविषयी दाखवले, की यंत्रांनी कष्ट हलके केले, पण पुरुषांची आणि मुलांची कामे आधी काढून घेतली. हा सिद्धान्त इथे जसाच्या तसा लावता येत नाही, कारण जात्यावर पुरुष सहसा बसतच नव्हता. घरघंटीला मात्र तो नेमका लागू पडतो. चौकातल्या गिरणीत गेलेले, कधी नवऱ्याने तर कधी मुलाने सायकलवरून नेलेले दळण तिच्यामुळे पुन्हा स्वयंपाकघरात आले. दर गेला, ओवी काही परत आली नाही. भारताच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यावरची दिवसाची सरासरी 289 मिनिटे आहे, असे काम करणाऱ्या पुरुषांची 88. या मिनिटांत आज काय गायले, बोलले, गिळले जाते, याकडे ओवीचा अभ्यास अजून वळलेला दिसत नाही.