जीप आणि स्कूटर : वाहन कोणाला गृहीत धरतं?

आजचा विषय थोडा वेगळा आहे. जीप आणि चेतक स्कूटर यांत चांगलं कोण, असं मला नेहमी विचारतात. प्रश्न असा मांडला की उत्तर मिळत नाही. वेग, ॲव्हरेज, किंमत हे निकष इथे निरुपयोगी, कारण दोघांचे हेतूच वेगळे. म्हणून निकष बदलू या. हे वाहन बनवणाऱ्यानं कोणता माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता?

जीप युद्धातून आली. १९४० साली अमेरिकन लष्करानं मागणी केली आणि बँटम कंपनीनं ४९ दिवसांत नमुना उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. जीप असं गृहीत धरते की पुढे रस्ताच नाही. म्हणून चारही चाकांना ताकद. दारं नाहीत, गादी नावापुरती. बसणारा सैनिक, एक गेला तर दुसरा बसेल.

चेतकचं मूळ १९४६ च्या इटालियन व्हेस्पात. तिचा रचनाकार कोर्रादीनो दास्कानियो हा विमानांचा इंजिनियर, आणि मोटारसायकल त्याला आवडत नसे. त्यानं इंजिन झाकलं, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा दिली. व्हेस्पा गृहीत धरते की रस्ता आहे, पण खिशात पैसे बेताचेच आहेत. आणि कपडे स्वच्छ ठेवून कामावर पोचायचंय. म्हणजे इथे सैनिक नाही, नागरिक आहे.

आता गंमत बघा. आपल्याकडे जीप आली ती साहेबाची झाली. गावात धुरळा उडाला की लोक म्हणायचे, कोणीतरी सरकारी आलं. १९७२ पासून आकुर्डीत बनलेली चेतक मात्र घरची झाली. सुरू होईना तर एका बाजूला कलती करायची आणि पुन्हा किक मारायची, हे शास्त्र घराघरात होतं.

पण इथे स्मरणरंजनाला थोडा आवर घालायला हवा. साडी किंवा स्कर्ट नेसून चालवता येईल अशी ती रचना होती. आपण काय केलं? बाईला मागे, एका बाजूला पाय सोडून बसवलं. नवरा हँडलवर, मूल पुढे उभं. ही व्यवस्था दास्कानियोची नव्हे, आपली. यंत्रानं दार उघडं ठेवलं होतं. घरानं ते लोटून घेतलं. १९८४ मध्ये बटणानं सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, तेव्हा अनेकींच्या हाती हँडल आलं. पण त्याचं सगळं श्रेय बटणाला देऊ नका. तोवर त्या नोकरीला लागल्या होत्या, स्वतः कमवत होत्या.

तेव्हा निष्कर्ष एवढाच : वाहन माणूस गृहीत धरतं हे खरं, पण ते गृहीतक मान्य करायचं की मोडायचं, हे समाज ठरवतो. जीपनं सैनिक मागितला, आपण साहेब बसवला. स्कूटरनं नागरिक मागितला, आपण कुटुंबप्रमुख बसवला. जुनी गाडी पुसूनपासून दारात ठेवाल तेव्हा तिच्या मागच्या सीटकडेही जरा बघा. प्रश्न असतील तर आता विचारा.