स्प्रेत्सातूरा : एका शब्दाचा अर्थविचार

इटालियन भाषेतील 'स्प्रेत्सातूरा' या शब्दास 'सहज डौल' असा प्रतिशब्द देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे; परंतु तो आवरावयास हवा. 'सहज' म्हणजे जन्माबरोबर आलेले. स्प्रेत्सातूरा मात्र कमाविलेली असते, आणि ती कमाविलेली आहे हे लपविणे हेच तिचे कार्य होय.

बाल्दास्सारे कास्तील्योने याचा दरबारी पुरुषाविषयीचा संवादग्रंथ १५२८ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झाला. उर्बीनोच्या दरबारात १५०७ साली झालेल्या या कल्पित संवादात काउंट लुदोव्हीको दा कानोस्सा हा शब्द योजतो आणि तो कदाचित नवा असेल, असेही सांगून टाकतो. नवे होते ते नाम. 'स्प्रेत्सारे' म्हणजे तुच्छ लेखणे, हे क्रियापद आधीपासून प्रचलित होते. त्याच्या मुळाशी 'मोल' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. तेव्हा येथे अवहेलना आहे. पण ती कोणाची? स्वतःच्याच परिश्रमांची. टॉमस होबीने १५६१ च्या इंग्रजी भाषांतरात बेपर्वाईवाचक शब्द घातला. तो ओबडधोबड असला, तरी त्याने अवहेलनेचा हा काटा मोडलेला नाही.

कास्तील्योनेची सूक्ष्मता पुढेच दिसते. रोबेर्तो नामक गृहस्थ नाचताना इतका निष्काळजी दिसू पाहतो, की खांद्यावरचा झगा आणि पायांतील सपाता गळून पडतात. बिब्बिएना त्याचे कौतुक करतो. काउंट मात्र त्यालाच कृत्रिमता ठरवितो. बेफिकिरीचे प्रदर्शन झाले की ती उरत नाही. राजाच्या मर्जीवर जगणाऱ्याने आपली धडपड दिसू न देणे, यातील दांभिकता काउंट फारशी तपासीत नाही, हे मात्र नोंदवावे लागेल.

मराठी अभ्यासकास येथे भरताच्या नाट्यशास्त्रातील 'विच्छित्ति' आठवावी. माळा, वस्त्रे, भूषणे, उटी यांची अनादराने केलेली अल्प मांडणीही परम शोभा देते, असे तिचे लक्षण आहे. 'अनादर' हा शब्द 'सहजते'पेक्षा इटालियन अर्थाच्या कितीतरी जवळ जातो. भेद एवढाच, की भरत विच्छित्तीची गणना स्त्रियांच्या स्वभावज अलंकारांत करतो, तर काउंटला ती गोष्ट अभ्यासाने साधावयाची आहे. भाषांतरकाराने 'साधलेला अनादर' म्हणावे, अथवा मूळ शब्द तसाच ठेवावा.