पूर्ण एक तास

लष्करी प्रशस्ती कुणी गद्य म्हणून वाचत नाही. शौर्यपदक कशासाठी दिलं, एवढं सांगून ती मोकळी होते. पण फ्लाइंग ऑफिसर जॉन क्रूकशँक यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर करताना सप्टेंबर १९४४ मध्ये ‘लंडन गॅझेट’ने छापलेली प्रशस्ती मला उत्तम गद्याचा नमुना वाटते. ती लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याला काय सांगायचं हे तर कळत होतंच, पण कुठे किती वेळ रेंगाळायचं हेही कळत होतं.

मजकूर थेट आकाशातच सुरू होतो. विमान कॅटलिना, पाण्यावर उतरणारं. काम पाणबुड्यांच्या शोधात गस्तीचं. ठिकाण नुसतं ‘उत्तरेकडचा समुद्र’. युद्ध चालू होतं, त्यामुळे तारीख नाही, तळाचं नाव नाही. ते आज आपल्याला ठाऊक आहे: १७ जुलै १९४४, शेटलंड बेटांवरचा सलम व्हो हा तळ, २१० क्रमांकाची स्क्वाड्रन. वैमानिक चोवीस वर्षांचा, ॲबर्डीनचा. एडिंबरामध्ये बँकेत उमेदवारी करत असताना युद्ध आलं. आधी तोफखाना, मग १९४१ मध्ये हवाई दल. यातलं काहीही प्रशस्तीत नाही.

पाणबुडी दिसते. विमान चाल करून जातं. आणि पाणबुडीवर टाकायचे स्फोटक, डेप्थ चार्ज, सुटतच नाहीत. एवढी मोठी गोष्ट लेखकाने एका तोकड्या वाक्यात उरकली आहे. थांबतो तो त्यापुढच्या वाक्यावर: क्रूकशँक यांना त्या क्षणी काय काय कळून चुकलं होतं. अचानक गाठण्याची संधी गेली, खालचे तोफची आता सावध आणि चेवात आलेले, आणि आपलं विमान त्यांना आयतं लक्ष्य. शत्रूच्या तोफचींची जिद्द इथे मोकळेपणाने मान्य केली आहे, हे मला फार आवडतं. त्यामुळे दुसरी चाल नुसत्या आवेशाची राहत नाही. सगळं उमगूनही त्यांनी विमान पुन्हा वळवलं, हे वाचणाऱ्याच्या अंगावर येतं.

मग जखमा. इथे विशेषणं नाहीत, आकडे आहेत. अंगावर बहात्तर ठिकाणी मार. त्यातल्या दोन गंभीर जखमा फुप्फुसांना, दहा खोल जखमा पायांना. नॅव्हिगेटर ठार. विमानात धूर. क्रूकशँक स्वतः डेप्थ चार्ज सोडतात आणि पाणबुडी बुडते.

कमी ताकदीचा लेखक इथे थांबला असता. ही प्रशस्ती इथून पुढेच खरी भरात येते. पाणबुडी बुडाल्यानंतरचा परतीचा भाग हल्ल्याच्या वर्णनापेक्षा लांब आहे, आणि या मापातच लेखकाची समज दिसते. क्रूकशँक कोसळतात, सावध होतात, पुन्हा सूत्रं घेतात. विमान ताब्यात आहे ना, तळाची दिशा धरली ना, संदेश गेले ना, हे एकेक पाहून झाल्यावरच मलमपट्टीला होकार देतात. मॉर्फिन नको म्हणतात, कारण पुढे काम करता येणार नाही. साडेपाच तासांच्या परतीत कितीदा तरी शुद्ध हरपते, आणि दर वेळी डोळे उघडले की आधी विमानाची आणि माणसांची काळजी.

आणि मग तो तास. विमान तळावर पोचलेलं आहे, खाली पाणी आहे, पण अंधार आहे. श्वास घेणंही कठीण झालेल्या क्रूकशँक यांना उचलून पुढे आणतात, दुसऱ्या वैमानिकाच्या जागी टेकवून बसवतात. पूर्ण एक तास ते विमान खाली उतरू देत नाहीत. रक्त जात असलेल्या माणसाने उजेडाची आणि समुद्राची वाट पाहावी, एवढंच त्यात घडतं. सगळ्यांची सुटका हाताशी असताना ‘अजून नाही’ म्हणायला जे धैर्य लागतं, ते मला त्या दुसऱ्या चालीपेक्षाही मोठं वाटतं. उतरल्यावरही विमान किनाऱ्याला कसं लावायचं ते तेच सांगतात, म्हणजे पुढे ते सहज वाचवता येईल. डॉक्टर आत आल्यावर मात्र ते कोसळतात.

क्रूकशँक यांच्या या उड्डाणाच्या आठवडाभर आधी, १० जुलैला, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपल्या रायगडचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांचीही व्हिक्टोरिया क्रॉसची प्रशस्ती आहे. तिच्यातलं सगळं काही क्षणांत घडतं, वाचताना धाप लागते. दोन्ही लागोपाठ वाचाव्यात.

क्रूकशँक यांच्या प्रशस्तीतली एक उणीव मला खुपते. ज्यांनी जखमी अवस्थेत विमान परत आणलं त्या जॅक गार्नेट यांचा उल्लेख ‘जखमी आणि कमी अनुभवी दुसरा वैमानिक’ असा, बिननावाचाच आहे. त्यांना वेगळं पदक मिळालं, पण इथे नाव हवं होतं. मृत नॅव्हिगेटर डिकसन यांचंही. बुडालेल्या पाणबुडीचा क्रमांक तर कित्येक वर्षं चुकीचाच सांगितला जात होता. ती यू-३६१ होती, आणि तिच्यावरच्या ५२ जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात धीट आहे. विमान सुखरूप पोचलं तरीही आपण वाचण्याची शक्यता क्रूकशँक यांनी स्वतःच कमी करून घेतली होती, असं ते म्हणतं. हे लिहिणाऱ्याला पुढची एक्क्याऐंशी वर्षं दिसत नव्हती. ते ब्रिटिश हवाई दलाच्या ज्या कोस्टल कमांडमध्ये होते, तिच्या चार व्हिक्टोरिया क्रॉसपैकी तीन मरणोत्तर. जिवंतपणी मिळालेला हा एकच. १९४६ मध्ये हवाई दल सोडून ते बँकेत परतले आणि १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. त्या रात्रीबद्दल ते फारसं बोलत नसत. दुसऱ्या महायुद्धातल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांपैकी ते शेवटचे उरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी गेले.

अखेरचं वाक्य सेवेच्या थोर परंपरेबद्दल आहे. तसं वाक्य अशा प्रत्येक कागदावर असतं. माझं वाचन त्याच्या आधीच थांबतं.