कॅनव्हासवरचा सातबारा

दोस्तहो, चित्रकलेवर लिहायची तुझी लायकी काय, असं कुणीतरी विचारणारच. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी कुठल्या आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही. माझा मामा साईनबोर्ड रंगवायचा. पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, 'येथे लघवी करू नये'. आणि एप्रिल लागला की वस्तीच्या भिंतीवर बाबासाहेब. निळा कोट, लाल टाय, हातात पुस्तक. मामा शिडीवर, मी खाली रंगाचा डबा धरून. एकदा एक चित्रकलेचे मास्तर तिथून चालले होते. थांबले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "हे चित्र नव्हे, हे पोस्टर." मामा काही बोलला नाही. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पुसत बसला.

त्या दिवशी मी ठरवलं, चित्र हा पोटभरल्यांचा धंदा. पुढं मीटिंगांतूनही हेच बोललो. आपल्याला कविता पाहिजे, मोर्चा पाहिजे, चित्र नको. हे माझं मत चुकीचं होतं. ते कसं चुकीचं होतं, ते सांगायला हा लेख.

मेलबर्नला नोकरी करणाऱ्या एका मित्रानं ऑस्ट्रेलियाच्या काळ्या चित्रकारांवरचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. आधी नुसती चित्रं चाळली. मग माणसं वाचू लागलो. आणि झोप उडाली.

पहिला माणूस आल्बर्ट नमाटजिरा. जन्म १९०२, ऑस्ट्रेलियाच्या ऐन पोटात, हर्मन्सबर्गच्या लुथेरन मिशनमध्ये. जमात अरांडा. १९३६ साली रेक्स बॅटरबी नावाचा गोरा चित्रकार त्या भागात आला. आल्बर्टनं त्याचे उंट सांभाळले आणि बदल्यात जलरंग शिकून घेतले. दोनच वर्षांनी, १९३८ साली, मेलबर्नमध्ये प्रदर्शन लागलं आणि सगळी चित्रं विकली गेली. जांभळे डोंगर, लाल माती, पांढऱ्या बुंध्याची गम झाडं. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात त्याची छापील चित्रं लटकली. समीक्षक मात्र नाक मुरडत म्हणाले, ही तर युरोपची नक्कल! काळ्यानं काळ्यासारखंच काढावं, गोऱ्यांचे जलरंग त्याच्या हाती शोभत नाहीत. हा सूर ओळखीचा वाटला ना? तोच तो, आपल्याला "तुमची भाषा रांगडीच बरी" म्हणणारा.

आल्बर्ट इन्कम टॅक्स भरायचा. पण त्यानं गुरं चारायला जमीन मागितली, तर नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायला जागा मागितली, तर नाही. राणी एलिझाबेथला भेटायला १९५४ साली कॅनबेराला नेला. १९५६ साली विल्यम डार्गी या गोऱ्या चित्रकारानं त्याचं पोर्ट्रेट काढलं आणि आर्चिबाल्ड पारितोषिक पटकावलं. म्हणजे चित्रात बसायला काळा चालतो! १९५७ साली त्याला आणि त्याची बायको रुबिना हिला नागरिकत्व मिळालं. पोरांना नाही. नागरिक झाला म्हणजे दारू विकत घ्यायची मुभा आली, पण ती भाऊबंदांना द्यायची बंदी राहिली. आणि अरांडाचा कायदा असा की जे मिळेल ते वाटून खायचं. त्यानं वाटलं. १९५८ साली खटला झाला, सहा महिने शिक्षा. अपिलात तीन झाली, भोगली दोन, पपुन्याच्या सरकारी वसाहतीत. सुटला तो मोडूनच. ८ ऑगस्ट १९५९ रोजी मेला.

मेल्यावरही सुटला नाही. त्याच्या चित्रांचे छपाईहक्क १९८३ साली सरकारी ट्रस्टीनं ८,५०० डॉलरला एका छापखानेवाल्याला विकून टाकले. घरच्यांना ते परत मिळायला २०१७ साल उजाडलं.

आता पपुन्या. तीच वसाहत. वेगवेगळ्या जमातींची माणसं त्यांच्या मुलखातून उचलून आणून तिथं कोंडली होती. १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचा तरुण मास्तर तिथल्या शाळेत होता. त्याच्या प्रोत्साहनानं वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांचं आपलं चित्र काढलं. गोऱ्यांच्या शाळेच्या भिंतीवर काळ्यांची खूण! १९७४ साली त्यावर रंग मारून ते पुसलं. पण तोवर माणसं फळकुटांवर, मग कॅनव्हासवर रंगवू लागली होती. १९७२ साली पपुन्या तुला नावाची त्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. ठिपक्यांची जी चित्रं आज जगभर मिरवतात ती इथून निघाली. पहिल्या चित्रांत ज्या पवित्र गोष्टी परक्यांनी बघायच्या नव्हत्या त्या उघड्या पडल्या, म्हणून जाणत्यांनी आक्षेप घेतला. मग त्या गोष्टी वगळल्या गेल्या, ठिपक्यांखाली झाकल्या गेल्या. विकायचं, पण सगळं सांगायचं नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपण तर वेदना मागितली की सगळी उघडी करून ठेवतो.

आणि पैसा कुणाचा? हिशेब ऐका. क्लिफर्ड पॉसम जापलजारीनं १९७७ साली 'वार्लुगुलाँग' रंगवलं. एका बँकेनं १,२०० डॉलरला घेतलं. तेच चित्र २००७ साली २४ लाख डॉलरला गेलं. तोवर क्लिफर्ड जाऊन पाच वर्षं झाली होती. जॉनी वारांगकुलाच्या १९७२ च्या पाण्याच्या चित्राला २००० साली ४,८६,५०० डॉलर आले. जॉनी तेव्हा जिवंत होता, आणि त्यातला एक पैसा त्याला मिळाला नाही. पुनर्विक्रीत चित्रकाराला पाच टक्के देण्याचा कायदा अमलात आला २०१० साली. त्याआधी १९६६ च्या एक डॉलरच्या नोटेवर तर डेव्हिड मलांगीचं झाडाच्या सालीवरचं चित्र न विचारता छापलं होतं. बोभाटा झाल्यावर त्याला एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. नोट त्याच्या चित्राची आणि हातात गळ!

इथं आपल्यातला कुणीही विचारील, मीही विचारलं: हे सगळं ठीक, पण ही माणसं रंगवतात काय? पूर्वजांच्या कथा, मुंगी, पाऊस, पवित्र जागा. म्हणजे पुन्हा देवदेवस्कीच ना? आपण तर गाठोडं बांधून जुने देव पाण्यात सोडून आलो. मग त्यांच्या परंपरेच्या आरत्या आपण का ओवाळायच्या?

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकी सौंदर्यशास्त्रात नाही, कोर्टात आहे. १९६३ साली यिर्कला इथल्या योल्ंगू लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध पार्लमेंटला अर्ज धाडला. टाइप केलेला कागद सालीवर चिकटवला आणि भोवती आपली चित्रं रंगवली. ही चित्रं म्हणजे सजावट नव्हती. ही जमीन कुणाची, हे सांगणारी ती खूण होती. १९७१ साली कोर्टानं त्यांचा दावा फेटाळला. या देशात आधी कुणी मालकच नव्हता, या गोऱ्यांच्या थापेवर कायदा उभा होता. ती थाप कोर्टात मोडली १९९२ साली, माबो खटल्यात. मग १९९७ साली ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी आपला हक्क सांगायला सुमारे आठ बाय दहा मीटरचा कॅनव्हास जमिनीवर अंथरला. ज्याचा त्याचा पाणवठा ज्यानं त्यानं रंगवला. न्यायाधिकरणाचे लोक आले तेव्हा माणसं आपापल्या जागी चित्रावर उभी राहिली आणि आपल्या भाषेत बोलली. २००७ साली जमिनीवरचा हक्क मान्य झाला.

म्हणजे हे चित्र काय आहे? गड्यांनो, तो सातबारा आहे! तलाठ्यानं न लिहिलेला, पण पाणवठ्यासकट, वाटांसकट, वारसांसकट. मग आल्बर्टचे जांभळे डोंगर पुन्हा बघा. गोऱ्याला ती नक्कल वाटली. तो माणूस बापजाद्यांची जमीन चित्रात नोंदवत होता. ज्याला घराला जागा मिळाली नाही त्यानं अख्खा मुलूख कागदावर ठेवला.

तरी "ते ऑस्ट्रेलियाचे दलित" असं म्हणून मी मोकळा होणार नाही. त्यांची जमीन हिसकावली. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवून जमीन कधी दिलीच नाही. त्यांना पूर्वजांची वाट सापडते. आपल्याला ती मोडून नवी काढावी लागली. आणि जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकांच्या मापांचीच आकडेवारी उलटवून दाखवलं. मापं घेणारे मात्र दोन्हीकडे होते. तिकडं नॉर्मन टिंडेल हा मानववंशवाला १९३८ साली पाम आयलंडवर गेला आणि नंबर टाकून माणसांचे फोटो काढून आला. व्हर्नन आह की या आजच्या चित्रकाराला त्यात स्वतःचा पणजा सापडला. त्यानं घरातली माणसं कोळशानं कागदावर मोठमोठी काढली. नंबर गेला, डोळे राहिले. ते डोळे बघणाऱ्यालाच मोजतात.

शहरातल्या काळ्यांचं दुखणं वेगळं. रिचर्ड बेल, जन्म १९५३, क्वीन्सलँड. लहानपण पत्र्याच्या झोपड्यात. पुढं चळवळीत. पोटासाठी टुरिस्टांना विकायच्या वस्तूही बनवल्या. त्यानं २००२ साली लेख लिहून सरळ म्हटलं, आदिवासी कला ही गोऱ्यांची वस्तू आहे. विकणारे गोरे, विकत घेणारे गोरे, अस्सल कोण हे ठरवणारेही गोरे. वाळवंटातला ठिपकेवाला अस्सल, शहरात राहून शिव्या देणारा नकली. पुढच्याच वर्षी हेच वाक्य त्यानं कॅनव्हासवर मोठ्या अक्षरात रंगवलं आणि त्याच चित्राला आदिवासी कलेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. घ्या! ज्यांना शिवी दिली त्यांनीच टाळ्या वाजवल्या. पारितोषिक घ्यायला गेला तेव्हा त्याच्या टी-शर्टवर गोऱ्या बायकांवरचा अश्लील विनोद होता. हे मी झाकणार नाही. मालकाचा राग बाईच्या अंगावर काढणं हा विद्रोह नव्हे, मग तो ऑस्ट्रेलियाचा असो की आपल्या कवितेतला.

पण बेलचा तंबू मला पटतो. २६ जानेवारी १९७२ च्या रात्री चार काळी पोरं कॅनबेराच्या पार्लमेंटसमोर छत्री रोवून बसली आणि तिला वकिलात म्हणाली, कारण आपल्याच देशात ती परकी होती. त्याच सुमारास ब्रिस्बेनमध्ये काळ्यांची ब्लॅक पँथर पार्टी निघाली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर. ते आपल्याला ओळखत नव्हते, आपण त्यांना नाही. नाव मात्र एकाच ठिकाणाहून उचललं. बेल २०१३ पासून तो तंबू प्रदर्शनांत उभारतो आणि त्यात सभा भरवतो. २०२२ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटातही तो उभा होता.

शेवटी व्हिन्सेंट नमाटजिरा. आल्बर्टचा पणतू, जन्म १९८३. आई गेल्यावर त्याला हजारो मैल दूर पर्थला परक्यांच्या घरी वाढायला दिलं. अठराव्या वर्षी तो आपली माणसं शोधत परतला. २०२० साली त्यानं आर्चिबाल्ड जिंकलं. हो, तेच, ज्यात पणजा मॉडेल होता. हे पारितोषिक मिळवणारा तो पहिला मूळनिवासी. चित्रात तो आणि अ‍ॅडम गुड्स, हातात हात. गुड्स म्हणजे तो फुटबॉलपटू, ज्याला माकड म्हटलं आणि भर मैदानात हुर्यो करून करून खेळ सोडायला लावला.

व्हिन्सेंट राजे, राणी, पंतप्रधान, खाणमालक सगळ्यांना एकाच ओबडधोबड ब्रशनं काढतो. कुणाचं नाक सुटत नाही. देशातली सर्वात श्रीमंत बाई, खाणवाली जीना राइनहार्ट, हिचं त्यानं काढलेलं चित्र हटवा म्हणून २०२४ साली तिच्या बाजूनं राष्ट्रीय कलादालनावर दडपण आलं. कलादालन हटलं नाही. लक्षात ठेवा, तिच्या बापानं, लँग हॅनकॉकनं, १९८४ साली कॅमेऱ्यासमोर सुचवलं होतं की अशा काळ्यांच्या पाण्यात औषध मिसळून त्यांना वांझ करावं. पाण्याचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून सगळं जिंकलं असं नाही. २०२३ साली पार्लमेंटपुढं मूळनिवाशांचा आवाज घटनेत नोंदवायचा होता. सुमारे साठ टक्के मतदार नाही म्हणाले. चित्र दिवाणखान्यात पाहिजे, माणूस घटनेत नको. हा धोका आपल्याही दारात आहे. शाल पांघरली की विद्रोहाचीही किंमत ठरते.

पण मी माझं मत बदललंय. चित्र ही चैन नाही. ज्याची नोंद कुणी ठेवली नाही त्याची ती नोंद आहे. पोरांनो, तुमच्या वस्तीच्या भिंतीवर कुणी रंगवलं, त्याचं नाव काय, रोजी किती मिळाली, हे विचारून लिहून ठेवा. मास्तर म्हणाले होते ते पोस्टर. असेल. पण त्या भिंतीवर मामा दरवर्षी बाबासाहेब काढायचा तेव्हा ती भिंत आमची व्हायची. कोपऱ्यात सही करायची राहिली, एवढीच त्याची चूक.