२१ हजारांचं खोटं



संयोजकांनी मला ‘वार्धक्य आणि समाज’ असा विषय दिला होता. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोलता येतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. हे मी वर्गात चाळीस वर्षं केलेलं आहे. (हशा) म्हणून आज फक्त एक आकडा घेऊन आलो आहे. २१,०००.

आपल्या राज्यात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. वय ६५ पूर्ण झालेलं असावं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं, म्हणजे दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात जातो. लक्षात घ्या, ही मर्यादा कुटुंबाची आहे आणि वर्षाची आहे. महिन्याला १,७५० रुपये झाले. त्यात घरातल्या सगळ्यांनी जगायचं.

आता मी स्वतः काय केलं ते सांगतो. आमच्याकडे बरीच वर्षं धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. वय ६८. नवरा गेला, मुलगा गवंड्याच्या हाताखाली काम करतो, सून, दोन नातवंडं. मुलाला काम मिळेल त्या महिन्यात दहा-बारा हजार येतात, पावसाळ्यात त्याच्या निम्मेही नाहीत. मावशींचे गुडघे गेले आणि काम सुटलं. मी म्हटलं, चला मावशी, अर्ज करू. अर्ज लिहून देणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने नाव विचारलं, वय विचारलं. उत्पन्न विचारलंच नाही. स्वतःच २०,००० लिहून मोकळा झाला. मी म्हटलं, अहो, हे खरं नाही. तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाला, “सर, खरं लिहायचं असेल तर कागद कशाला खराब करताय?”

मी गप्प बसलो. मावशींना सही येत नाही, त्यांनी अंगठा दिला. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. आयुष्यभर कांट शिकवलेल्या माणसाची सही.

हे खोटं मावशींच्या लबाडीतून आलेलं नाही, ते नियमातूनच येतं. हिशेब करून पाहा. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२४-२५ साली दिवसाची मजुरी २९७ रुपये होती, आणि कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम देण्याची कायद्याने हमी होती. शंभर दिवसांचे होतात २९,७००. म्हणजे सरकारने आपलाच कायदा पाळून एखाद्या मजुराच्या घराला पुरतं काम दिलं, तर एकाहत्तराव्या दिवशी त्या घरातली म्हातारी या योजनेतून बाहेर पडते. एका हाताने काम देणारं सरकार दुसऱ्या हाताने तिला सांगतं, आता तू गरीब नाहीस.

आणि गरीब म्हणजे कोण, हे याच सरकारने आणखी दोन ठिकाणी ठरवलेलं आहे. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ज्येष्ठांना उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये देणारी वयोश्री योजना आली, तिथे दोन लाख. श्रावणबाळला २१ हजार. लाडकी बहीण वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत आहे. दीड लाख उत्पन्नाच्या घरातली बाई ६५ वर्षांची होईपर्यंत १,५०० रुपयांना पात्र असते. पासष्टी ओलांडली की ती योजना थांबते, आणि श्रावणबाळचं दार तिच्यासाठी उघडतच नाही, कारण तिथे ती श्रीमंत ठरते. हात चालत होते तेव्हा गरजू, हात थकले तेव्हा सधन! याला कुठलं तर्कशास्त्र म्हणायचं ते मला सांगता येणार नाही, आणि मी तर्कशास्त्राच्या परीक्षा घेतलेल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, सर, आकडा जुना झालाय एवढंच ना? सगळ्यांना ठाऊक आहे, तलाठ्याला ठाऊक आहे, समितीला ठाऊक आहे. चालतंय ना काम? पैसे मिळतात ना?

इथेच माझा खरा मुद्दा सुरू होतो. १७९७ साली कांटने खोटं बोलण्याच्या तथाकथित हक्कावर एक छोटा निबंध लिहिला. परोपकारासाठीसुद्धा खोटं बोलू नये, असं त्याचं टोकाचं म्हणणं. दाराशी खुनी आला आणि मित्र घरात लपलाय, तरी खोटं नाही. वर्गात मुलं हसायची, मीही हसायचो. पण त्यातला एक धागा मला उतारवयात कळला. कांट म्हणतो, खोट्याने कुणा एकाचं नुकसान होवो न होवो, हक्क ज्याच्या आधारावर उभे राहतात ते मूळच त्याने नासतं.

मावशींच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. पेन्शन सुरू झाली. वर्षभर आली. मग चार महिने आली नाही. मी म्हटलं, चला, जाऊन विचारू, तक्रार देऊ. मावशी म्हणाल्या, “नको सर. ते कागद परत काढतील.”

संपलं. ज्या बाईने सत्तरीपर्यंत कुणाची भीड ठेवली नाही, ती चार महिन्यांचे सहा हजार रुपये मागायला घाबरली. कारण तिच्या हक्काच्या तळाशी एक खोटं आहे आणि ते फाइलमध्ये बसलेलं आहे. मग ती कुणाकडे जाणार? वॉर्डातल्या कार्यकर्त्याकडे. तो एक फोन करतो आणि काम होतं. पैसा सरकारी तिजोरीतला, उपकार मात्र त्याचे. हक्काची कृपा होते ती अशी.

आणि जो माणूस प्रामाणिक आहे, अर्जावर ४०,००० असं खरं लिहितो, तो बाहेरच राहतो. शासनाने नकळत एक चाळण लावली आहे, आणि तिच्यातून आधी सत्यच गळून जातं.

अविशाई मार्गालिट नावाच्या तत्त्वज्ञाचं ‘द डिसेंट सोसायटी’ हे १९९६ चं पुस्तक आहे. त्याची कसोटी साधी आहे: ज्या समाजातल्या संस्था माणसाचा अपमान करत नाहीत तो सभ्य समाज. रक्कम किती, हा प्रश्न नंतरचा. ती घेताना माणसाला मान खाली घालावी लागते का, हा पहिला. मीही पेन्शनर आहे. वर्षातून एकदा नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीची सही करतो. मॅनेजर उठून खुर्ची देतो. महागाई वाढली की माझा भत्ता आपोआप वाढतो. मला कुणी विचारत नाही की प्राध्यापक महाशय, मुलगा सांभाळत नाही का? मावशींना विचारतात.

योजनेचं नावच पाहा. श्रावणबाळ! कावडीतून आंधळ्या आईबापांना नेणारा मुलगा. पण गोष्ट पुरती आठवा. श्रावणबाळ मेला कसा? राजाच्या बाणाने. ते म्हातारा-म्हातारी निराधार झाले ते राजामुळे. नाव ठेवणाऱ्याने गोष्ट शेवटपर्यंत वाचली नसावी. (हशा)

न्याय म्हणून हेही सांगतो. राज्याने २०२३ मध्ये रक्कम १,००० वरून १,५०० केली, हे चांगलंच झालं. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला ७५ रुपयांवर सुरू झाली. ८० वर्षांखालच्यांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे, आणि तो २००६ पासून तेवढाच आहे. १,५०० ला मी कमी लेखत नाही. मावशी त्यातून नातीला वह्या घेतात, आणि त्या दिवशी घरात त्यांचा आवाज जरा मोठा असतो. म्हणूनच तो पैसा ताठ मानेने मिळावा, असा माझा आग्रह आहे.

आता आक्षेप. उत्पन्नाची अट सैल केली तर बोजा वाढेल, पैसेवालेही घेतील. बोजा वाढेल, हे मान्य. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमातही वार्धक्यातल्या साहाय्याला ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असं कुंपण आहे. पण पैसेवाल्यांना वगळायला २१,००० चा दाखला लागत नाही. ज्या घरात कुणी आयकर भरतो, कुणी सरकारी नोकर किंवा पेन्शनर आहे, ते वगळा. या नोंदी सरकारकडेच आहेत. लाडकी बहीणमध्ये हे निकष लावलेलेच आहेत. उरलेल्या सर्व पासष्टीपुढच्यांना द्या, आणि रक्कम महागाईला बांधा. कांटने तो निबंध लिहिला त्याच १७९७ साली टॉमस पेनचं ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’ प्रसिद्ध झालं. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला वर्षाला १० पौंड द्यावेत, आणि ते दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून, असं त्याने त्यात मांडलं. सव्वादोनशे वर्षं झाली.

निदान एवढं तरी व्हावं: दाखल्यावर जे खरं आहे ते लिहूनही म्हाताऱ्या माणसाला पेन्शन मिळावी. पैसे किती द्यायचे यावर सरकारशी वाद घालता येईल. पण सत्तरीच्या बाईकडून खोट्या कागदावर अंगठा घेऊ नका. तिचा अंगठा शाईने भरला होता तेव्हा पुसायला रुमाल मी दिला. तो डाग धुवून गेला. माझी सही अजून तिथेच आहे.