मणीनं घोडा दिला होता

गेल्या चंपाषष्ठीला भोंगवलीच्या घरी तळी भरून झाली, देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून झाला आणि मी नि माझी चुलत बहीण भिंतीला टेकून पुन्हा जुन्याच भांडणाला लागलो. विषय एकच : अझुला सुधारू शकते का?

ज्यांनी 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका २००५ ते २००८ या काळात आली. तीन सीझन, ६१ भाग. अग्नी राष्ट्रानं बाकी जगावर युद्ध लादलंय. त्या राजाची दोन मुलं, झुको आणि अझुला. दोघंही सुरुवातीला व्हिलन. झुको शेवटी बदलतो, अझुला बदलत नाही. मालिका संपल्यावर गोष्ट कॉमिक्समध्ये पुढे चालू राहिली आणि अझुलाच्या चाहत्यांची आशाही. २०२३ साली तर फक्त तिच्यावर 'अझुला इन द स्पिरिट टेंपल' हे कॉमिक आलं. त्यात तिला स्वतःच्या आयुष्याकडे पाहायची, वळायची संधी मिळते. ती नाकारते.

बहीण म्हणाली, "हा अन्याय आहे. ती चौदा वर्षांची पोरगी आहे. बापानं तिला हत्यार म्हणून वाढवलं."

पलीकडे आजी ताटं मांडत होती. तिला अझुला माहीत नाही. पण आम्ही कुणाला तरी माफ करावं की नाही यावर भांडतोय एवढं तिला कळलं. तिनं विचारलं, "घोडा दिला का तिनं?"

आजी मणी आणि मल्लाबद्दल बोलत होती. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरात ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. ब्रह्मदेवाच्या वरानं माजलेले दोन दैत्य भाऊ ऋषींना छळतात, मार्तंड भैरवाचं रूप घेऊन शंकर त्यांच्याशी लढतो, आणि त्या विजयाची आठवण म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठी. या कथेची रूपं अनेक आहेत. काहींत दोघेही भाऊ शरण येतात. आमच्या घरी सांगतात त्या रूपात हरल्यावर दोघांचे रस्ते वेगळे होतात. मणीला पस्तावा होतो. तो आपला पांढरा घोडा देवाला देतो, माणसांचं भलं व्हावं आणि आपल्याला देवाजवळ जागा मिळावी, असं मागतो. मल्लालाही देव विचारतो, तुला काय हवं? तो जगाचा नाश मागतो. मग त्याचं डोकं पायरीशी जातं, भाविकांच्या पायाखाली. मणीला मात्र देवळात स्थान मिळतं.

हे ऐकताना मला झुको-अझुलाची मांडणी पहिल्यांदा नीट दिसली. आपण रिडेम्प्शन आर्कची चर्चा करतो तेव्हा बहुतेक वेळा दुःखाची बेरीज करतो. कुणाचं बालपण किती वाईट गेलं, कुणाला किती रडू आलं. आजीचा प्रश्न वेगळा होता. त्यानं काय सोडलं?

झुकोकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रवास पटतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याला बदलायची संधी येते तेव्हा तो बदलत नाही. उलट सावलीसारखा सोबत राहिलेल्या आयरोकाकालाच दगा देतो. मग त्याला हवं ते सगळं मिळतं : घर, मान, बापाची शाबासकी. आणि ते मिळाल्यावर तो ते सोडून निघतो. हरल्यावर सुधारणं सोपं असतं, जिंकून सुधारायला काहीतरी ठेवून यावं लागतं. पुढेही लेखक त्याला सवलत देत नाहीत. ज्यांचा त्यानं पाठलाग केला ती मुलं त्याला आधी हाकलून लावतात. कटारा तर सगळ्यांत उशिरा माफ करते. शेवटच्या लढाईत अझुला कटारावर वीज सोडते तेव्हा झुको मध्ये उडी मारून ती स्वतःवर घेतो. हा त्याचा घोडा.

अझुलानं काय दिलं? मला आठवत नाही. ती कोसळते, रडते, एकटी पडते. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं. पण कोसळणं म्हणजे पस्तावणं नव्हे.

बहिणीच्या बाजूनं एक मोठा मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. व्हिलन कोण हे ठरवतं कोण? आपल्याकडे बळीराजा पुराणात दैत्य आहे, पण दिवाळीच्या पाडव्याला शेतकरी त्याचंच राज्य परत मागतो. महात्मा फुल्यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त वामन-बळीची गोष्टच उलटी वाचली. तिथे बळी बदलला नाही, वाचणारे बदलले. अझुलालाही तसं वाचता येईल का? काही अंशी हो. तिला आयरो मिळाला नाही. झुकोसाठी अपार धीर धरणारा काका पुतणीच्या बाबतीत तो दाखवत नाही, आणि मालिकाही त्याला याबद्दल विचारत नाही. हा मालिकेचा दोष आहे असं माझं मत झालंय. पण बळीचा दोष शोधावा लागतो. अझुलानं ज्यांना जाळलं ती माणसं गोष्टीत समोर उभी आहेत. तिला समजून घेणं आपलं काम. माफ करण्याचा हक्क त्यांचा.

हे मी इतक्या ठामपणे लिहितेय त्याला कारण आहे. त्या दिवशी घरी एक चुलत काका आले होते. बरीच वर्षं नांगरताना त्यांनी आमचा बांध थोडा थोडा कोरत नेला. आजोबा असेपर्यंत बोलणं बंद होतं. त्या दिवशी ते आजीच्या पाया पडले, डोळे पुसले, म्हणाले, "काकी, झालं गेलं विसरा." घरातले सगळे हळवे झाले. मीही झाले.

आजीनं त्यांना पाटावर बसवलं, कपाळाला भंडारा लावला, पोटभर जेवू घातलं. ते गेल्यावर मी विचारलं, "केलंस माफ?"

"जेवायला वाढलं," ती म्हणाली. "देवानं मल्लालासुदिक इचारलं व्हतं. बांध सरकव म्हनावं, मग बघू."

अझुलाचं पुढचं कॉमिक आलं तर मी पहिल्या दिवशी वाचणार आहे. तिच्यासाठी दार उघडं असावं असं मलाही वाटतं. फक्त ती आत येताना मी तिच्या डोळ्यांकडे नाही, हातांकडे बघेन.