रोबॉटच्या टूलभाराची निश्चिती : दहा संख्या आणि त्यांची असमान विश्वासार्हता

औद्योगिक रोबॉटच्या मनगटावर वेल्डिंग टॉर्च, ग्रिपर वा अन्य टूल बसविले की त्याचा भार नियंत्रकाला कळवावा लागतो. हा भार म्हणजे केवळ वजन नव्हे. वस्तुमान, गुरुत्वमध्याचे तीन निर्देशक आणि जडत्वाच्या सहा राशी अशा दहा संख्यांचा तो संच होय. रोबॉटलाच हालचाल करावयास लावून या संख्या काढण्याच्या पद्धतीला शास्त्रीय बैठक देणाऱ्या लेखनात ॲटकेसन, ॲन व हॉलरबाख यांच्या ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ रोबॉटिक्स रिसर्च’मधील १९८६ च्या शोधनिबंधाचे स्थान महत्त्वाचे आहे.

निबंधाचे मर्म एका साध्या निरीक्षणात आहे. गतीची समीकरणे कितीही क्लिष्ट दिसली तरी या दहा अज्ञात राशींच्या दृष्टीने ती रेषीय असतात. त्यामुळे लघुतम वर्ग पद्धती पुरेशी ठरते. मात्र गुरुत्वमध्य येथे थेट मिळत नाही. वस्तुमान आणि गुरुत्वमध्य यांचा गुणाकार मिळतो व भागाकाराने गुरुत्वमध्य काढावा लागतो. साहजिकच वस्तुमानातील चूक पुढे झिरपते.

लेखकांनी प्यूमा ६०० आणि एमआयटीचा थेट-चालित बाहू अशा दोन यंत्रांवर प्रयोग केले. वस्तुमान व गुरुत्वमध्य दोहोंवर समाधानकारक मिळाले. जडत्व-आघूर्ण मात्र मंद त्वरणाच्या प्यूमावर नीट हाती लागले नाहीत. ही मर्यादा त्यांनी लपविली नाही, हे निबंधाचे मोठे बळ मानावे लागेल.

ही मर्यादा किती मूलभूत आहे, हे साध्या आकडेमोडीने दिसते. ५ किलोग्रॅमचे, १० सेंटिमीटर बाजूचे भरीव घनाकार टूल घेतले तर गुरुत्वमध्याभोवती त्याचे जडत्व-आघूर्ण सुमारे ०.००८३ किलोग्रॅम-वर्गमीटर येते. गुरुत्वमध्य फ्लँजपासून १० सेंटिमीटरवर असेल तर केवळ अंतरामुळे पडणारी भर ०.०५ होते. आता गुरुत्वमध्य १ सेंटिमीटरने चुकून ११ धरला गेला, तर ही भर ०.०६०५ होते. म्हणजे चूकच ०.०१०५, टूलच्या स्वतःच्या आघूर्णापेक्षाही अधिक!

निबंधात मोजमाप मनगटावरील बलसंवेदकाने झाले होते. गिअरमधील घर्षण संवेदकाच्या अलीकडेच राहत होते. कारखान्यातील बहुतेक रोबॉटच्या मनगटावर असा संवेदक नसतो. तेथे मोटरच्या टॉर्कवरून अनुमान करावे लागते, आणि भार व मोटर यांच्यामध्ये गिअर, घर्षण व तापमान उभे राहते. एबीबीच्या ‘लोड-आयडेंटिफाय’ या सेवाकार्यक्रमात मनगटाचे अक्ष हालतात. वस्तुमान अज्ञात असल्यास तिसरा अक्षही हालवावा लागतो. वजनकाट्यावर टूल तोलून वस्तुमान आधीच भरणे म्हणूनच शहाणपणाचे. (काटा स्वस्त असूनही हे क्वचितच केले जाते.)

युनिव्हर्सल रोबॉट्सचा मार्ग वेगळा आहे. तेथे बाहू किमान चार स्थितींत स्थिर ठेवून वस्तुमान व गुरुत्वमध्य अजमावला जातो. स्थिर अवस्थेत जडत्वाचा मागमूस लागू शकत नाही, ही भौतिकी येथे प्रामाणिकपणे स्वीकारलेली दिसते. उलट एबीबीच्या भारनोंदीत तिन्ही आघूर्ण शून्य ठेवले तर टूल बिंदुवस्तुमान समजले जाते. आटोपशीर टूलला हे चालेल. लांब, पसरट ग्रिपरला चालणार नाही. पडद्यावर मात्र ठोस मापलेले वस्तुमान आणि रिकामे सोडलेले शून्य सारख्याच रुबाबात दिसतात.

१९८६ च्या निबंधातील खरी उणीव निराळीच आहे. बंधनरहित लघुतम वर्गातून अशक्य पदार्थही निष्पन्न होऊ शकतो : दोन मुख्य आघूर्णांची बेरीज तिसऱ्यापेक्षा कमी भरणे हे कोणत्याही वास्तव वस्तूत संभवत नाही. त्राव्हेर्सारो व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आणि वेन्सिंग, किम व स्लोटिन यांनी २०१८ मध्ये ही अट गणितातच गुंफली. परंतु शक्य वस्तू म्हणजे फ्लँजवर असलेली तीच वस्तू नव्हे. त्वरणच अपुरे असेल तर अट पाळूनही उत्तर संदिग्ध राहते.

याची झळ कामगारापर्यंत पोहोचते. हाताने बाहू फिरवून शिकविताना नोंदलेले वस्तुमान प्रत्यक्षाहून कमी असेल तर बाहू खाली ओघळतो. अधिक असेल तर तो आपोआप वर उचलला जातो, आणि त्या क्षणी माणसाचा हात टूलवरच असतो.